लॉनला पाणी किती दिवसांनी? आधी खाली माती किती आहे ते बघा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरापुढे दोन-अडीचशे स्क्वेअर फुटांचं लॉन केलं की पाण्याबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. माळीकाका म्हणतात, रोज सकाळ-संध्याकाळ मारा. यूट्यूबवरचा व्हिडिओ म्हणतो, आठवड्यातून एकदा, पण एक इंच. पहिला सल्ला पाळला तर मुळं वरच्या वर राहतात आणि बुरशी येते. दुसरा पाळला तर आपल्याकडची बरीच लॉन चौथ्या-पाचव्या दिवशीच मलूल दिसायला लागतात.

व्हिडिओतला सल्ला ज्या देशांतून येतो, तिथे गवताखाली बहुतेकदा फूट-दीड फूट सलग माती असते. आपल्याकडे रो-हाउसच्या पुढे चार-सहा इंच लाल माती आणि तिच्याखाली मुरूम, डेब्रिज, विटांचे तुकडे. घोडबंदरच्या किंवा खारघरच्या टॉवरात तर तेही नाही. तिथे पोडियमची, म्हणजे पार्किंगवरच्या गच्चीची स्लॅब, वॉटरप्रूफिंग, त्यावर ड्रेन सेल (पाणी वाहून जाण्यासाठीची प्लास्टिकची जाळी) आणि मग जेमतेम अर्धा फूट कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मातीचं मिश्रण. म्हणजे पाण्याची टाकीच लहान. लहान टाकी आठवड्याभराचं पाणी एकदम घेऊ शकत नाही. वरून ओतलेलं जास्तीचं पाणी खाली निघून जातं.

म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि खुरपं घ्या.

एक वडी कापून बघा

लॉनच्या एखाद्या कोपऱ्यात, जिथे चटकन नजर जात नाही, तिथे खुरप्याने चारी बाजूंनी उभे काप द्या आणि दोन इंच रुंद, सहा इंच खोल असा मातीचा तुकडा अलगद बाहेर काढा. आडवा धरून बघा. वर गवताची विणलेली जाळी असते. तिच्याखाली पांढरट, दोऱ्यासारखी मुळं दिसतात. ती किती खोल गेली आहेत ते पट्टीने मोजा. जिथे मुळं विरळ होतात आणि माती फिकी, कोरडी लागते, तिथे तुमची टाकी संपली. रोज हलकं पाणी मिळणाऱ्या लॉनमध्ये ही खोली बरेचदा पाच-सहा सेंटीमीटरच भरते, मग खाली माती कितीही असो. मोजून झालं की तुकडा परत बसवा आणि पायाने दाबा. पंधरा दिवसांत खूणही राहत नाही.

नर्सरीतून लाद्या आणून लॉन केलं असेल तर या वडीत आणखी एक गोष्ट दिसू शकते. लादीखाली बहुतेकदा एक-दीड इंच काळी चिकण माती असते, आणि आपण ती अंथरतो लाल, भरड मातीवर. दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि स्वतः चिंब झाल्याशिवाय ते खालच्या भरड थरात सोडत नाही. मुळंही त्या काळ्या थरातच घुटमळतात. लोक म्हणतात, वर चिखल असतो तरी दोन दिवसांत गवत सुकतं. त्याचं कारण बरेचदा हेच. अशा ठिकाणी पाणी वाढवून काही होत नाही. गार्डन फोर्क चार-पाच इंच खोल खुपसून दर वीतभर अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत जाड रेती व गांडूळखत भरायचं. एका हंगामात मुळं खाली उतरायला लागतात.

आता हिशेब

१ मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. आपल्या भाषेत, १०० स्क्वेअर फुटांना साधारण सव्वानऊ लिटर. एवढं एक माप लक्षात ठेवलं की बाकीचं सोपं आहे.

शेणखत मिसळलेली लाल माती दर १० सेंटीमीटर खोलीला गवताला ओढून घेता येईल असं १२ ते १५ मिमी पाणी धरते. यातलं निम्मं संपलं की पुन्हा भरायचं. पार तळ गाठेपर्यंत थांबायचं नाही. आणि गवत रोज किती पितं? या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत उन्हातल्या लॉनसाठी दिवसाला अडीच ते तीन मिमी धरा, एप्रिल-मेमध्ये चार ते साडेचार. इमारतीच्या सावलीतल्या लॉनला याच्या निम्म्यावर भागतं.

समजा मुळं १२ सेंमीपर्यंत आहेत. टाकी साधारण १६ मिमीची, वापरायचं निम्मं, म्हणजे ८ मिमी. मेमध्ये रोज चार गेले तर दर दोन दिवसांनी पाणी, थंडीत दर तीन दिवसांनी. दर वेळी द्यायचं ते ८ मिमीच. मुळं २० सेंमी असतील तर हेच गणित मेमध्ये तीन दिवसांवर आणि थंडीत चार-पाच दिवसांवर जातं, आणि दर वेळचा डोस १३ मिमी होतो. पोडियमवर मुळं ८ सेंमीतच अडकली असतील तर मेमध्ये रोज एकदा द्यावंच लागतं, थोडं थोडं. तिथे माळीकाका निम्मे बरोबर आहेत: सकाळचं पाणी हवंच, संध्याकाळचं नको.

हरळी आणि नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळणारं तिचंच सुधारित भावंड यांची मुळं जागा मिळाली तर खोल जातात. ही गवतं ताण सोसतात. ‘मेक्सिकन’ लॉन हे नावापुरतंच मेक्सिकोचं. हे झॉयशिया गवत, मूळ आशियातलं, हळू वाढणारं आणि बऱ्यापैकी काटक. रुंद पानाचं, सावलीत लावतात ते कार्पेट गवत मात्र उथळ मुळांचं असतं. उन्हात लावलं तर ते सगळ्यात आधी मान टाकतं. मधोमध हरळी आणि भिंतीकडेला कार्पेट गवत लावलं असेल तर दोघांना एकच वेळापत्रक चालत नाही.

मिनिटं कशी काढायची

‘दहा मिनिटं पाणी दिलं’ याला काही अर्थ नाही, कारण प्रत्येक पाइपाची धार वेगळी. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घ्या आणि पाइप जसा नेहमी उघडता तसाच उघडून ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. १०० सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर. २०० स्क्वेअर फुटांच्या लॉनला ८ मिमी म्हणजे साधारण १५० लिटर, म्हणजे साडेबारा मिनिटं. बहुतेक ठिकाणी एवढ्या लॉनवर चार मिनिटं पाइप फिरतो. त्यात पडतं अडीच मिमी; कोरड्या मातीत ते जेमतेम दोन सेंमी उतरतं. वरून लॉन ओलं, चकचकीत दिसतं. मुळं पाण्याच्या मागे जातात, आणि पाणी वरच असेल तर मुळंही वरच राहतात. मग एक दिवस सुट्टी झाली की गवत कोमेजतं, आणि आपण म्हणतो, बघा, याला रोजच लागतं.

बादलीची चाचणी दोनदा करा, एकदा गच्चीवरची टाकी भरलेली असताना आणि एकदा रिकामी होत आलेली असताना. फरक बराच पडतो. पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवून मारायची सवय मात्र सोडावी. जोराच्या धारेने माती उडते, मुळं उघडी पडतात, आणि कोपरे तसेच कोरडे राहतात. शॉवरसारखं नोझल लावा.

स्प्रिंकलरचा मोह होतो, पण घ्यायच्या आधी दाब बघा. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. रो-हाउसच्या गच्चीवरची टाकी सात-आठ मीटरवर असते, म्हणजे पाऊण बार. जमिनीतून वर येणाऱ्या पॉप-अप फवाऱ्याला दोन बारच्या आसपास दाब लागतो. कमी दाबावर तो धड वर येत नाही, आला तर जवळच्या जवळ पाणी टाकतो आणि मधलं वर्तुळ चिखल, कडा वाळवंट अशी अवस्था होते. टाकीनंतर छोटा बूस्टर पंप बसवला तर चालतं. महापालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं बेकायदा आहे, तो उपाय नव्हे.

स्प्रिंकलर असलाच तर सरळ भिंतीचे, एकाच मापाचे पाच-सहा डबे लॉनवर विखरून ठेवा आणि दहा मिनिटांनी प्रत्येकात किती मिमी पाणी साचलं ते पट्टीने बघा. खाली निमुळते होणारे डबे चालणार नाहीत, आकडा फुगतो. एका डब्यात तीन आणि दुसऱ्यात नऊ आले तर मिनिटं वाढवू नका, फवाऱ्याची जागा बदला.

आणखी एक अडचण असते ती माती पाणी पीत नाही ही. घट्ट बसलेल्या मातीवर तीन-चार मिनिटांत पाणी चमकायला लागतं आणि पेव्हर ब्लॉककडे वाहतं. ते दिसलं की थांबा, अर्ध्या तासाने उरलेला डोस द्या. कोकोपीटचं थोडं वेगळं आहे. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकतं. पाणी कडेच्या भेगांतून थेट ड्रेनला जातं, खालच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये थेंब पडतात आणि गवत तहानलेलंच राहतं. आधी नुसता शिडकावा करा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग पूर्ण पाणी द्या. दिलेलं पाणी पोहोचलं का हे कळण्यासाठी तासाभराने लांब स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. ओल्या मातीत तो सहज जातो, कोरडी सुरू झाली की अडतो.

वेळ

सकाळी साडेपाच ते आठ. वारा पडलेला असतो, ऊन चढलेलं नसतं, आणि गवताची पाती दहापर्यंत वाळतात. खाडीच्या दमट हवेत हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी सातला दिलेलं पाणी पात्यांवर रात्रभर राहतं, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. वितीएवढे किंवा त्याहून मोठे तपकिरी गोल डाग पडायला लागले, डागाच्या कडेची पाती बोटात धरून ओढली की बुडाशी कुजून सहज निघून आली, तर तो पाण्याचा तुटवडा नाही. ती बुरशी आहे, आणि तिथे पाणी वाढवलं तर डाग आणखी पसरतो. थंडीत पहाटे दव पडतं म्हणून सकाळी पाणी नको असं काही जण म्हणतात. प्रत्यक्षात पाती आधीच ओली असल्यामुळे त्या वेळी पाणी दिल्याने ओलेपणाचे तास फारसे वाढत नाहीत.

पाणी संध्याकाळीच येत असेल तर टाकीत साठवून सकाळी वापरा. तेही जमत नसेल तर चार-साडेचारला द्या, म्हणजे अंधार पडेपर्यंत पाती वाळतील. दुपारी पाणी दिलं की थेंबांचं भिंग होऊन गवत भाजतं, ही नुसती समजूत आहे. दुपारी देऊ नये ते बरंच पाणी वाऱ्या-उन्हात उडून जातं म्हणून.

पाऊस, आणि त्याच्यानंतरचा ऑक्टोबर

मुंबई परिसरात मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि माघारीची ८ ऑक्टोबर. मधल्या काळात पाणी द्यायचा प्रश्न जवळपास नसतोच, प्रश्न असतो साचलेलं काढायचा. टायमर लावला असेल तर तो जूनमध्ये बंद करा. भर पावसात चालू असलेले फवारे हे सोसायट्यांच्या बागांतलं नेहमीचं दृश्य आहे. पावसाने चार-पाच दिवस दडी मारली तरी ढगाळ हवेत गवत कमीच पितं. सलग आठवडा कोरडा आणि उन्हाचा गेला तर एकदा पाणी द्या. लव्हाळा आणि शेवाळ वाढलं असेल तर तिथे निचरा नाही असं समजा. लव्हाळा नुसता उपटून भागत नाही, खालच्या गाठी राहतात.

अवकाळी पावसाचाही हिशेब करता येतो. मेमध्ये एका संध्याकाळी ३० मिमी पडला तरी तुमची टाकी १६ मिमीचीच आहे. बाकीचं वाहून गेलं. त्या पावसाची सूट एका पाळीची, फार तर दोनची, आठवडाभराची नाही.

सगळ्यात जास्त लॉन बिघडतात ती मात्र ऑक्टोबरमध्ये. चार महिने माती पाण्याने भरलेली, खाली हवा नाही, त्यामुळे मुळं वरच्या तीन-चार सेंमीत आलेली असतात. पावसाच्या माराने माती घट्ट बसलेली असते. आणि अचानक आभाळ मोकळं होऊन ऊन तापतं. त्याच आठवड्यात ‘तीन दिवसांनी एकदा’ सुरू केलं तर गवत जळतं. पहिले आठ-दहा दिवस रोज सकाळी थोडं पाणी द्या, फोर्कने भोकं पाडा, वर रेती आणि चाळलेल्या खताचा अर्धा सेंटीमीटर थर पसरा. मग अंतर हळूहळू वाढवा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मुळं खाली उतरलेली असतील. वडी कापून खात्री करा.

गवत स्वतः काय सांगतं

तहान लागलेल्या लॉनचा रंग आधी बदलतो. पिवळं व्हायच्या आधी ते निळसर-करडं दिसायला लागतं आणि पाती लांबीत मिटतात. संध्याकाळी त्यावरून चालत जा आणि मागे वळून बघा. पावलांचे ठसे लगेच उठले तर उद्या पाणी नको. मिनिटभरानेही तसेच दिसत असतील तर उद्या सकाळी द्या. आमच्या मते रोजच्या वापराला ही चाचणी कोणत्याही मॉइश्चर मीटरपेक्षा भरवशाची आहे. पश्चिमेच्या कंपाउंड वॉलपाशी आणि पेव्हरच्या कडेला हे आधी दिसतं, कारण काँक्रीट संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. तेवढ्या पट्ट्याला झारीने वेगळं पाणी द्या, त्याच्यासाठी अख्खं लॉन भिजवू नका.

मेमध्ये कापणीही थोडी उंच ठेवा. एका वेळी पात्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापलं की मुळांची वाढ थांबते, आणि मग पाण्याचं सगळं गणित पुन्हा उथळ होतं.

नवीन लावलेल्या लॉनला यातलं काहीच लागू नाही. पहिले दहा-बारा दिवस दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, फक्त वरचा इंच ओला राहील एवढं. लादी हाताने उचलून बघा. खालून मुळांनी धरली असेल आणि उचलली जात नसेल तर दिवसातून एकदा, मग दिवसाआड, असं पाच-सहा आठवड्यांत नेहमीच्या अंतरावर या. जून-जुलैत लावलं तर हे काम पाऊसच करतो.

पाणी कुठलं, आणि कमी पडलं तर

धरणाचं पाणी, मग ते मोरबेचं असो की भातसाचं, क्षारांच्या बाबतीत लॉनला उत्तम. खाडीलगतच्या बोअरवेलचं पाणी मात्र तपासून घ्या. साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) पुरतो. त्यावरचा आकडा हजारच्या आत असेल तर चिंता नाही. दोन हजारांच्या पुढे गेलं की पात्यांची टोकं जळतात, मातीवर पांढरी पापडी येते, आणि ओल्या मातीतही गवत तहानलेलं दिसतं, कारण खारट पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. निचरा चांगला असेल तर दर पाळीला १५-२० टक्के जास्त पाणी देऊन क्षार खाली ढकलता येतात. नसेल तर ते पाणी आलटून पालटूनच वापरा.

सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं) पाणी लॉनला चालतं, पण उंच फवाऱ्याने उडवू नका, आणि गवत वाळेपर्यंत मुलांना खेळायला सोडू नका. वॉशिंग मशीनचं पाणी टाळा. डिटर्जंटमधल्या सोडियमने चिकण माती दगडासारखी घट्ट होते, आणि ती सैल करायला वर्ष जातं.

उन्हाळ्यात पाणीकपात लागली तर सगळ्या लॉनला थोडं थोडं पाणी देऊन ते अर्धमेलं ठेवण्यात अर्थ नाही. जमिनीवरची, मुळं खोल असलेली हरळी पाणी तोडलं तरी लगेच मरत नाही. ती तपकिरी होऊन झोपते. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा १०-१२ मिमी मिळालं तर जमिनीतले धुमारे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसानंतर ती आपोआप हिरवी होते. त्या काळात तिच्यावरून चालू नका, कापू नका, युरिया टाकू नका. उरलेलं पाणी पोडियमवरच्या किंवा कार्पेट गवताच्या वाट्याला द्या. २०० स्क्वेअर फुटांना एप्रिल महिन्याचं पूर्ण पाणी साधारण अडीच हजार लिटर होतं. तेवढं मिळणार नसेल तर कोणता भाग झोपवायचा ते मार्चमध्येच ठरवा, कारण झोपवायच्या आधी दोन आठवडे पाळ्यांमधलं अंतर हळूहळू वाढवावं लागतं.